खोटा माल पास करणारी ग्रंथी

मी थायमस ग्रंथी बोलतेय. नाव ऐकलं नसेल, त्यात तुमची चूक नाही. छातीच्या मधल्या हाडामागे, काळजाच्या डोक्यावर माझी जागा होती. आता एका बरणीत, औषधाच्या उग्र पाण्यात पडलेय, आणि स्वतःकडे बघून मलाच ओकारी येतेय.

मालक तान्हा होता तेव्हा मी चांगली गुबगुबीत. रक्तातले पहारेकरी, म्हणजे पांढऱ्या पेशी, माझ्याकडे शिकायला येत. धडा एकच: परक्याला ठोका, घरच्याला हात लावू नका. जो घरच्यावरच गुरगुरे, त्याला मी तिथल्या तिथे निकालात काढी. शेकड्यात जेमतेम दोनचार पास होत. पुढे मालक मोठा झाला, मी सुकत गेले. म्हाताऱ्यानं ओट्यावर बसावं तशी गप बसले होते.

मालकानं चाळिशी ओलांडली आणि माझ्या अंगावर गाठ धरली. घट्ट, पिवळट, फुकटखाऊ. शी! तिनं माझीच पाटी लावून दुकान मांडलं. अर्धवट शिकलेले पहारेकरी पसंतीचा शिक्का मारून बाहेर सोडू लागली. त्यांच्या चिथावणीनं रक्तात असलं विष तयार झालं की नसांचा निरोप स्नायूंपर्यंत पोचेना. निरोप टेकायची जागाच अडवून बसलं मेलं!

मालकाचं कापडाचं दुकान. त्याला सगळे दादा म्हणत. दादा गल्ल्यावर, धाकटा भाऊ गिऱ्हाइकापुढे. दोघांची खूण ठरलेली: घासाघीस ताणली की धाकट्यानं मागे बघायचं. दादानं उजवा डोळा मिटला, की देऊन टाकायचं. एका संध्याकाळी दादाची उजवी पापणी खाली आली ती वर जाईचना. धाकट्यानं समोरच्या बाईंना भारीतलं लोकरी कापड मातीमोल देऊन टाकलं.

"दादा, दानधर्म काढलायस का आज?"

"मी कुठे खूण केली?"

"मग काय त्या बाईंना डोळा मारलास? वहिनीला सांगू?"

सगळे हसले. मला शिसारी आली. ती पापणी माझ्या गाठीनं पाडली होती.

सकाळी दादा ठणठणीत, दिवस कलला की गळाठा. हनुवटीला हाताचा टेकू देऊन घास चावायचा. पाणी नाकातून यायचं, बोलणं गेंगाणं झालं. बाजाराला तेवढंच पुरतं. 'प्यायला लागलाय' असा बोभाटा झाला. शेवटी धाकट्यानं गिऱ्हाइकांदेखत दादाच्या तोंडाला नाक लावलं, वास घेतला आणि म्हणाला, "घरी जा. दुकानाची लाज घालवू नकोस."

घाण माझी, डाग त्याला!

घरी वहिनी धाकट्यावर कडाडली, "भाऊजी, वास आला का? नाही ना? मग त्यांना घास का गिळवत नाही, ते विचारायला चला दवाखान्यात."

डॉक्टरांनी दादाला छताकडे बघत राहायला सांगितलं. पापणी हळूहळू मिटली. तिच्यावर बर्फ ठेवला, तशी उघडली. मग रक्त तपासलं, छातीचा स्कॅन काढला. त्यात मी होते, गाठीसकट.

"स्नायू चांगले आहेत," डॉक्टर म्हणाले, "त्यांना निरोप मिळत नाही. या गाठीमुळे शरीर स्वतःवरच हल्ला करतंय. ती काढावी लागेल."

धाकटा दचकला. "पापणीसाठी छाती उघडायची?"

"आज पापणी आहे, उद्या श्वासाचे स्नायू थकतील. मग?"

दादानं बोटांनी पापणी उचलून धरली, भावाकडे नीट पाहिलं आणि गेंगाण्या आवाजात म्हणाला, "काढा. वाळवी लागलेलं फळकूट कोणी दुकानात ठेवतं का?"

मला मुळासकट उपटलं. या बरणीत आले, तपासणीसाठी माझे काप निघाले. माझ्या पाटीखाली सुटलेले नालायक पहारेकरी अजून त्याच्या रक्तात हिंडताहेत. औषधं त्यांना आवरतात, वेळ लागणार आहे.

आज धाकटा रिपोर्ट न्यायला आला. प्रयोगशाळेतल्या बाईंनी विचारलं, "कसे आहेत पेशंट?"

"काल संध्याकाळी माझ्याशी भांडला," तो म्हणाला. "अख्खं वाक्य. न अडखळता."

"गाठ बघायचीय?"

त्यानं बरणीकडे एकदा पाहिलं, तोंडावर हात धरला. "ह्याच्यासाठी मी त्याचं तोंड हुंगलं..." तो वळून चालू लागला. दारातून म्हणाला, "जाळून टाका ती."

बाई, ऐका त्याचं. लवकर जाळा.