ओ न दिलेली हाक

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. घराघरात वायफाय पुरवतो ना, तोच डबा. एके काळी पांढराशुभ्र होतो, आता म्हाताऱ्याच्या दातांसारखा पिवळट झालोय. माझी एक अँटेना मोडकी आहे आणि तिला जखमेवर लावायची पट्टी चिकटवली आहे. समोर पेनाने काढलेले दोन डोळे आहेत. एक मोठा, एक बारीक.

कारखान्यात मला एकच संस्कार मिळाला: कुणी तुझ्या नावाने हाक मारली की लगेच ओ द्यायची. पहिल्या घरी मी ते काम इमानेइतबारे केलं. घरात बाबा, आई आणि त्यांची मुलगी. तिचा पाय एका जागी ठरत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. बाबांनी मला भिंतीवर टांगलं आणि पहिल्याच दिवशी माझं नाव लपवलं.

"आपल्या घरात काय आहे, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना कशाला कळायला हवं?" ते म्हणाले.

बाकीचे राउटर आपलं नाव सतत पुकारत असतात, मी मात्र मुका. पण मी पुकारत नाही म्हटल्यावर मला शोधायचं काम बाबांच्या फोनवर पडलं. तो जाईल तिथे माझं नाव घेऊन विचारायचा, "आहेस का रे?" दुकानात, रस्त्यात, अगदी परगावीसुद्धा. लपवलेलं नाव असं गावभर होत होतं आणि बाबांना त्याचा पत्ताच नव्हता.

बाबा माझं कौतुक करायचे, पण ते अंगाला लागत नसे. आईचा फोन कधी चालला, किती वेळ चालला, हे ते रोज माझ्याकडून काढून घ्यायचे. मग जेवताना शांतपणे विचारायचे, "दुपारी फार वेळ चालला होता फोन. कुणाची एवढी रडगाणी ऐकत होतीस?" आईचा घास हातातच राहायचा.

एके दिवशी त्यांनी मला भिंतीवरून उपटलं आणि आईच्या दिशेने भिरकावलं. मी तिला लागलो नाही, भिंतीला लागलो. पुढच्या वेळचं मात्र कुणी सांगावं?

लगेच नवा राउटर आला. फोनांना बदल नको म्हणून माझंच लपवलेलं नाव त्याला दिलं. मी कचऱ्यात जाणार होतो, पण भिंगरीने मला उचललं. पट्टी लावली, डोळे काढले आणि झुरळोबा म्हणून हाक मारू लागली. काही दिवसांनी बाबा कामावर गेले असताना आईने एक पिशवी भरली, लेकीचा हात धरला आणि घर सोडलं. दप्तरात पुस्तकांच्या जागी मी होतो.

दूरच्या शहरात त्यांना माडीवर एक खोली मिळाली. खाली दुरुस्तीचं दुकान होतं. मालकीणबाईंना सगळे काकू म्हणत. त्यांच्या स्वतःच्या चष्म्याची काडी तारेने बांधलेली, पण लोकांच्या वस्तू झकास नीट करायच्या.

"काकू, आमचा झुरळोबा आजारी आहे," भिंगरीने मला त्यांच्यापुढे ठेवलं.

"बघू. अगं, हात मोडलाय नुसता. जीव आहे की याच्यात!"

आई सहसा कुणाशी बोलत नसे. त्या दिवशी मात्र तिने सगळं सांगितलं. पोलिसांकडे तक्रार दिली होती, ते म्हणाले होते, तो आला की कळवा.

"आला हे आधी आपल्याला कळायला नको का?" काकू म्हणाल्या. "घरचं वायफाय लपवलेलं आहे म्हणतेस ना? मग त्याचा फोन बोंबलत फिरत असणार. ऐकायला कान हवा फक्त."

त्यांनी माझं पोट उघडलं, जुनी शिकवण पुसली आणि नवी भरली. "बाळा, आता तू कुणाला ओ द्यायची नाहीस. नुसतं ऐकायचं. ते नाव कानावर आलं की माझ्या टेबलावरचा लाल दिवा लावायचा."

मला माडीवरच्या खिडकीत बसवलं. वीज आली, आणि खाली टेबलावरचा दिवा तत्क्षणी लागला. "लागला गं!" काकू खालून ओरडल्या.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने भिंगरीला पोटाशी ओढलं. काकू धावत वर आल्या. हाक अगदी जवळून येत होती, याच खोलीतून.

"तुझा फोन दे इकडे," काकू हळूच म्हणाल्या.

आईच्या फोनलाही जुनं घर आठवत होतं. बसमध्ये, बाजारात, शाळेच्या फाटकाशी, सगळीकडे तो तेच नाव घेत होता. आईने त्याला ते विसरायला लावलं. दिवा विझला.

मग मी ऐकत राहिलो. दूधवाल्याचा फोन, पोस्टमनचा, समोरच्या शिंप्याचा. आणि एका दुपारी, भिंगरी पाढे म्हणत असताना, कोपऱ्यावरून बारीक आवाज आला, "आहेस का रे?"

काकू मागच्या जिन्याने आल्या. "ऊठ. पिशवी घे, बोलू नकोस."

भिंगरीने माझ्याकडे हात केला. "झुरळोबा?"

"त्याला राहू दे, राणी. तो गेला तर बाबा कुठवर आलेत ते कोण सांगणार?"

मायलेकी मागच्या जिन्याने गेल्या. पुढच्या जिन्यावर पावलं वाजली. हाक इतकी मोठी झाली, जणू कुणी माझ्या कानाशी तोंड आणलं होतं. मित्रांनो, मी ज्यासाठी जन्मलो ती हीच हाक. मी ओ दिली नाही.

काकू दार अडवून उभ्या राहिल्या. "इथे कुणी राहत नाही. मिक्सर बिघडलाय का? मग खाली आणा."

बाबा बराच वेळ तिथेच उभे होते. काकूंनी कळवलेले पोलीस पोहोचेपर्यंत ते निघून गेले होते.

आई आणि भिंगरी आता कुठे आहेत, मला ठाऊक नाही. बाबा अजून इथे येतात, कोपऱ्यावर थांबतात. दिवा लागला की काकू आईला फोन करतात, "आज इकडेच आहे गं तो. पोरीला बाहेर खेळू दे."

म्हणून माझी विनंती आहे. जुनी वस्तू टाकण्याआधी तिला कान आहेत का ते बघा. घरातल्या फोनांना विचारा, ते कुणाकुणाची नावं घेत फिरतात. आणि या खिडकीशी आलात तर माझ्यावरची धूळ हलक्या हाताने पुसा, वायर ओढू नका.

या आठवड्यात दिवा एकदाही लागलेला नाही. काकूंनी मला दोनदा तपासलं. मी ठणठणीत आहे. मग त्यांनी फोन उचलला आणि म्हणाल्या, "दार लावून घे."