दुर्बिणीचा मोजा

लेंपीनं गेलेल्या नवऱ्याची, ऊर्होची, रायफल चादरीत गुंडाळून आणली, तेव्हा तायस्तोच्या कपाटात मुंगी शिरायला जागा नव्हती. पाच रायफलींचं ते लोखंडी कपाट, त्यात आठ कोंबलेल्या. त्याची स्वतःची सोडली तर बाकी सगळ्या मेलेल्यांच्या. गावात रीतच पडली होती. शिकारी गेला की बायको त्याची रायफल तायस्तोकडे ठेवायची, शहरातला मुलगा नाहीतर नातू येऊन नेईल म्हणून. कोण येतंय डोंबलाचं!

"आमचा पोरगा आलेक्सी नाताळात येऊन नेईल रे," लेंपी म्हणाली. "तुला अडचण नाही ना?"

"छे गं! ऊर्हो काय परका होता?"

ती गेल्यावर तो कामाला लागला. एक रायफल सुलटी, शेजारची उलटी, म्हणजे त्यांच्यावरच्या नेमाच्या दुर्बिणी एकमेकींवर आपटत नाहीत. शिवाय प्रत्येक दुर्बिणीवर त्याच्या बायकोनं विणलेला लोकरीचा मोजा. बायको गेली तसे मोजेही संपले होते. ऊर्होच्या दुर्बिणीला काही उरलं नाही, तेव्हा तायस्तोनं आपल्या रायफलीचा मोजा काढून तिला चढवला. आपली तर उद्या शिकारीला बाहेर काढायचीच आहे, एका रात्रीनं काय होतंय? दार लागेना, म्हणून खांदा देऊन रेटलं. आत काहीतरी टक्कन वाजलं. "वाजू दे," म्हणाला शहाणा, आणि किल्ली फिरवली.

सकाळी शेकोटीपाशी शिकारी टोळीचा म्होरक्या यौनी भेटला. "काका, नेम तपासलात ना?"

"मंगळवारीच. सगळ्या गोळ्या बशीएवढ्या जागेत."

"नाही, पोरं म्हणतात तुमची नजर गेली. यंदा चुकलं तर मला तुम्हाला इथं कॉफी उकळायला बसवावं लागेल, बघा."

"मेल्या, तुझ्या बापाला बंदूक धरायला मी शिकवलं!"

सगळे हसले. तायस्तोही हसला, पण वरवर. बायकोमागे त्याला दुसरं होतंच काय? दलदलीच्या काठावरची, शिकारीला दबा धरून बसायची ती एक जागा. वर्षभर तो तिच्याच आशेवर जेवायचा आणि झोपायचा.

टोळीच्या कुत्रीनं मूस हरणाला भुंकून भुंकून त्याच्यासमोरच आणून उभं केलं. अंगाची बाजू पूर्ण मोकळी, हात स्थिर. त्यानं खांद्यामागे नेम धरून चाप ओढला. हरीण जागीच कोसळायला हवं होतं. ते कण्हलं आणि फाटलेलं पोट घेऊन दलदलीत शिरलं. सगळी टोळी दिवसभर रक्ताच्या मागावर फिरली. अंधार पडता पडता ते यौनीला सापडलं, अजून जिवंत. त्यानं ते संपवलं.

कुणीही शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. यौनी फक्त म्हणाला, "काका, उद्यापासून कॉफी तुमच्याकडे."

घरी रायफल पुसताना तायस्तोला दुर्बिणीवर ताजा, चकचकीत ओरखडा दिसला. दुर्बीण धरून ठेवणारी पकड सरकली होती. कपाटात तिच्या जागेशेजारीच ऊर्होच्या रायफलीची लोखंडी मूठ, नेमकी त्याच उंचीवर. अरे देवा! म्हणजे नजर शाबूत होती. हातही. त्यानं धावत जाऊन फोन लावला.

"यौनी, ऐक, कपाटात दाटी झाली होती रे, दुर्बीण हलली! डोळे ठीक आहेत माझे!"

 आजाऱ्याशी बोलावं तशा मऊ आवाजात यौनी म्हणाला, "हो काका. होतं असं. साखर विसरू नका उद्या."

तायस्तोनं फोन ठेवला. यौनीच्या जागी आपण असतो तर आपणही हेच म्हणालो असतो, हे त्याला कळत होतं, आणि म्हणूनच त्याला रडू आलं.

मग त्यानं कपाट पुरतं रिकामं केलं. पायातला एक मोजा काढून आपल्या दुर्बिणीवर नीट ओढून बसवला आणि रायफल सगळ्यात मागे, कोपऱ्यात उभी केली. तिच्यापुढे बाकीच्या लावल्या, एक सुलटी, एक उलटी. ऊर्होची सर्वांत पुढे ठेवली. नाताळात आलेक्सी आलाच, तर चटकन काढता यावी.