टेकडीवरचा पांढरा ठिपका

काकांनी सहा महिने खपून एका जुन्या सिनेमाचे ओरखडे नि खरखर काढली. रविवारी सगळं घर टीव्हीपुढे जमलं, कारण तरुणपणी आत्या त्यात दोन सेकंद झळकली होती, दूरच्या टेकडीवर पांढरी छत्री घेऊन. नातवंडं तिला प्रथमच बघणार होती. टेकडी आली आणि गेली.

"दादा, मी कुठंय?"

काकांनी मूळ प्रत लावली. धूळ समजून त्यांनी तो ठिपका अठ्ठेचाळीस फ्रेममधून स्वतःच्या हाताने पुसला होता.

"इतकी वर्षं भाव खाल्ला, आणि तू मला केर समजून काढलंस!"

काकांनी तेवढा तुकडा जुन्या प्रतीतून जसाच्या तसा बसवला. आता टेकडीवर ओरखड्यांचा धो धो पाऊस पडतो.

"म्हणून तर छत्री नेली होती," आत्या नातवंडांना सांगते.