शिकवणाऱ्याच्या बाजूचं दार

माझा दादा गाडी चालवायला शिकवतो. अर्ध्या शहराला त्याने शिकवलंय आणि ते अर्धं शहर त्याला सर म्हणतं. शिकवणाऱ्याच्या बाजूला त्याला वेगळा ब्रेक आहे, वेगळा आरसा आहे. एवढं सगळं दिमतीला असताना त्याने मागे न बघता दार उघडलं आणि माझ्या नवऱ्याचा खुबा मोडला. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात एवढं एक वाक्य सोडून बाकी सगळं बोललं जात होतं.

मी स्वतः पाहिलं. मी पडद्याच्या दुकानात शिवणकाम करते आणि माझी मशीन काचेला लागून आहे. दादाची गाडी समोर येऊन थांबली. स्टिअरिंगवर एक पन्नाशीच्या बाई होत्या, शिकाऊ. जागा बदलायची असली की दादा नेहमी टुणकन उतरतो, तसा तो उतरायला गेला. नवरा कामावरून सायकलने येत होता. दार थेट त्याच्या अंगावर. त्या बाई आधी धावल्या, खाली बसून त्यांनी याचं डोकं मांडीवर घेतलं. दादा दाराला धरून उभा.

हॉस्पिटलात पोलीस विचारायला आले, तर आमचे साहेब म्हणतात, "ब्रेक लागला नाही. मीच जाऊन आदळलो." पोलीस गेल्यावर मला हळूच म्हणाला, "दादांचा क्लास बंद पडेल. तुला माझी शपथ, काही बोलू नकोस." मी दातओठ खात गप्प बसले. 

मग सगळे त्या सायकलवर तुटून पडले. या वयात सायकल कशाला, असं ज्याला त्याला वाटायला लागलं. आईला तर ती पहिल्यापासून डोळ्यांत खुपत होती.

कशाला ते मला विचारा. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात दिवसभर मीटरचे काटे बघत बसतो. बसून बसून साखर इतकी वाढली, की डॉक्टर इन्सुलिनचं बोलायला लागले होते. मग सायकल घेतली. सुरुवातीला धाप लागायची, गुडघे कुरकुरायचे, धुळीने खोकला यायचा. नाही म्हणत नाही. पण मी त्याच्या सगळ्या पँटी कमरेत दोनदा आत घेतल्या. गोळ्या निम्म्यावर आल्या. जेवला की पेंगणारा माणूस माझ्याशी गप्पा मारायला लागला. माझा नवरा मला परत मिळाला होता, आता बोला.

डॉक्टरांनी परवा स्पष्ट सांगितलं, "हाड जुळत आलंय. थोडे दिवस काठी घेऊन चाला, मग पुन्हा सायकल सुरू करा. रस्त्यावर धोका आहेच, पण तुम्हाला बसून राहण्याचा धोका जास्त आहे." पडून पडून साखर परत चढायला लागली होती. आणि हा भिंतीकडे बघत म्हणाला, "नको आता सायकल."

रविवारी दादा आला. मागून दोन माणसं एक मोठं खोकं घेऊन आली. आत घरात ठेवायची व्यायामाची सायकल. चाकं नाहीत, जाणार कुठे नाही. दादाने ती खिडकीपाशी मांडली आणि सीट पुसली.

"आता बिनधास्त चालवा, जावईबापू," तो म्हणाला. "ना ट्रॅफिक, ना धूर. आणि खालच्या त्या खटाऱ्याला मी गिऱ्हाईक बघितलंय."

"किती करतोस रे सगळ्यांचं," आई म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. शपथ गेली खड्ड्यात. म्हटलं, "दादा, दार तू उघडलंस. मी काचेतून बघितलंय. तू आरशात बघितलं नाहीस."

आई म्हणाली, "भावाशी असं बोलतात का?"

"मग कसं बोलू? त्याने माझा नवरा आडवा केला आणि वर सायकल विकायला निघालाय."

दादा नवऱ्याकडे बघत राहिला. नवरा चादरीची घडी नीट करत बसला. मग दादा म्हणाला, "अगं, त्या बाईंनी गाडी कडेला न घेता मधेच थांबवली. मी त्यांना तिथल्या तिथे झापलं. क्लासमधूनही काढून टाकलं. अजून काय करू?"

"त्या बाई हॉस्पिटलात आल्या होत्या," मी म्हटलं. "हे झोपेत होते. माझे हात धरून ढसाढसा रडल्या. माझ्यामुळे झालं, म्हणाल्या. त्या का रडतायत तेच मला कळेना. आता कळलं."

नवऱ्याने मान वर केली. "त्या बाईंनी माफी मागितली? ज्यांनी मला धरलं त्यांनी?"

"हो."

इतक्या वर्षांच्या संसारात मी याला आवाज चढवताना ऐकलेलं नाही. तेव्हाही त्याने आवाज चढवला नाही, पण चेहरा लाल झाला होता. काठी ओढून तो उभा राहिला.

"दादा, ब्रेक चांगला होता. मी दाबलाही होता. तुमच्यासाठी खोटं बोललो, ते त्या बाईंच्या गळ्यात बांधायला नाही. तीन महिने मी इथे पडून घाबरतोय. सगळ्यांनी सायकललाच वाईट ठरवल्यावर तिच्यावर पुन्हा बसायचं कुठल्या तोंडाने? लावा त्यांना फोन. आत्ता. आम्हाला ऐकू येईल असा."

दादाने आईकडे बघितलं. या वेळी आईने तोंड फिरवलं. त्याने स्पीकर चालू करून फोन लावला.

"सर?" पलीकडून बाई लगेच म्हणाल्या. "ते कसे आहेत? चालतात का?"

"चालतात," दादा म्हणाला. "बाई, तुमची काही चूक नव्हती. दार मी उघडलं. मागे बघितलं नाही मी."

"मी पाहिलं होतं, सर," त्या म्हणाल्या. "मी आरशात बघत होते. सायकल येताना दिसली, पण मी सांगेपर्यंत तुम्ही दार उघडलंत. मग तुम्हीच म्हणालात माझं चुकलं. तुम्ही शिकवणारे, म्हटलं माझंच चुकलं असेल."

 नवरा काठी टेकत दादापाशी गेला, फोन त्याच्या हातातून घेतला आणि बाईंना म्हणाला, "मी तोच सायकलवाला बोलतोय. काठी सुटली की पुन्हा चालवणार आहे."