धृपद कोण धरणार?

या माउली, जरा पुढं सरका. मागं भिंतीला टेकून बसलात तर ही गोष्ट ऐकू यायची नाही, कारण ती एका बारीक आवाजाची आहे. पण सांगतो मनापासून, आणि घरी नेण्याजोगी सांगतो.

शेवगाव तालुक्यातलं एक कोरडवाहू गाव. तिथले पुंजाराम आबा म्हणजे कीर्तनातले जुने टाळकरी. त्यांचा मुलगा अजिनाथ आणि सून सत्यशीला दसरा झाला की ऊसतोडीला जातात. नात दिपाली मात्र आबांजवळ राहते, शाळा मोडू नये म्हणून. यंदा ती सहावीत.

एका सकाळी दिपालीनं दप्तर उंबऱ्यावर ठेवलं नि म्हणाली, "आबा, मला आईकडं फडावरच्या कोपीवर सोडा, झोपडीत ऱ्हाईन. मी शाळंत न्हाई जायची."

"का गं बाय?"

"कल्याण मला पाचट म्हनतो. उसाचं वाळकं पान आनून केसात खोवतो. समदा वर्ग हसतो."

हे आबांना ठाऊक होतं. तिनं दिवाळीआधीच सांगितलं होतं. तेव्हा आबांनी समजावलं होतं, की संतांनी एवढं सोसलं, आपण दोन शब्द सोसू.

"सोसलं की मी," दिपाली म्हणाली. "त्यो थांबंना."

कल्याणचा बाप मुकादम, आणि त्याच्याच टोळीत अजिनाथ कोयता चालवतो. पोरीला उपदेश करताना आबांच्या जिभेवर संत होते, पोटात मात्र मुकादम होता. ते त्यांचं त्यांनाच आता कळलं, आणि म्हातारा असा ओशाळला की काही विचारू नका.

"आज ऱ्हाऊ दे शाळा," ते म्हणाले. "तुला उभं ऱ्हायला शिकिवतो."

अंगणात तालीम सुरू झाली. "पाय रोव. मान वर. त्येच्या डोळ्यात बघ. शिवी न्हाई द्यायची. आवाज पोटातनं काढ नि म्हन, माझं नाव दिपाली हाय, मला हात लावायचा न्हाई. चल, आता मी कल्याण. ए पा... ए पाच... जाऊ दे बाई, माझ्या तोंडातनं निघंना!"

"आबा, तुमाला धड दांडगाई बी करता येईना!" दिपाली कितीतरी दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी वर्गात ती अगदी तसंच बोलली. पण शेवटाला आवाज चिरकला. कल्याणनं त्या चिरक्या आवाजाची नक्कल केली आणि वर्ग दुप्पट हसला. घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "मी कपडे भरते."

त्या संध्याकाळी मारुतीच्या देवळात कीर्तन होतं. बुवांचा घसा बसलेला. अभंग वर चढला आणि त्यांचा आवाज ऐन जागी फाटला. पण मागच्या टाळकऱ्यांनी धृपद, म्हणजे परत परत म्हणायची ओळ, असं उचलून धरलं, की समोर बसलेल्यांना पत्ताही लागला नाही. त्यात आबांचाही गळा होता. आणि गाता गाता त्यांचे हात थांबले. अरे, आपण जन्मभर हेच करत आलो, आणि पोरीला मात्र एकटीला पुढं उभं केलं. तिच्या मागं कोण होतं?

घरी आल्या आल्या त्यांनी विचारलं, "दिपे, तुझ्या बाकावर कोन बसतं?"

"मोनिका."

"ती बी हसती?"

"न्हाई. खाली बघती."

"मंग तिला म्हन, माझ्या मागं उभी ऱ्हा, नि मी म्हनलेलं परत म्हन."

"लई भेती ती, आबा."

"भिऊ दे. भीत भीत बी टाळ वाजतो."

आणि सकाळी आबा स्वतःही शाळेत गेले. वैजनाथ गुरुजी हसून म्हणाले, "पोरंच ती, आबा. चालायचंच."

"न्हाई चालायचं, गुरुजी. तुमी चालू देता म्हनून माझी नात कपडे भरतीया."

गुरुजींचं हसू मावळलं. मधल्या सुट्टीत ते वर्गाच्या दारात येऊन थांबले.

कल्याण पान घेऊन आलाच. दिपाली उभी राहिली. "माझं नाव दिपाली हाय. मला हात..." आवाज पुन्हा अडकला. तेवढ्यात मागून कापरा सूर आला, "हात लावायचा न्हाई तिला." मोनिका खालीच बघत होती, पण उभी होती. मग खिडकीकडच्या बाकावरून कुणीतरी तेच म्हणालं, मग आणखी कुणी. कल्याण हसला, पण त्याच्याबरोबर कुणी हसलं नाही. गुरुजींनी त्याच्या हातातलं पान काढून घेतलं आणि त्याला बाहेर नेलं.

कल्याण काही एका दिवसात सुधारला नाही. अजून पुटपुटतो कधी कधी. मुकादमानंही अजिनाथला टोकलंच. रात्री अजिनाथचा फोन आला, "आबा, पोरीला इकडंच आनू का? उगं वाकडं नगं."

आबा बोलणार, तोच दिपालीनं मोबाईल ओढून घेतला नि बापाला म्हणाली, "दादा, मी न्हाई येत. माझे पेपर हायेत."

मग अजिनाथ म्हणाला, "बरं. मुकादमाचं मी बघतो. तू अभ्यास कर."

एवढीच गोष्ट, माउली. दिपालीला तर तुम्ही विसरणार नाही. पण घरी जाल, लेकरांना जेवायला वाढाल, तेव्हा त्या मोनिकाची आठवण ठेवा. आणि आपल्या लेकराला विचारा, तुझ्या वर्गात आज कुणाचा आवाज अडकला होता का?