पाटणची साडी

छाया गेली त्या दिवशी सकाळी सव्वाअकराला रामदास मास्तरने माझे आठही लूम, म्हणजे यंत्रमाग, स्वतःच्या हाताने बंद केले. चालू लूम धागा तुटल्यावर थांबतो, नाहीतर लाइट गेल्यावर. मास्तर कधी हात लावत नाही. सुरतेत उधन्याच्या त्या साड्यांच्या कारखान्यात मी बावीस वर्षं आहे, मला तेवढ्यावरून कळलं. तो काहीतरी बोलत होता, पण बाजूचे लूम चालू होते, ऐकू आलं नाही. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दाराकडे बोट केलं.

नवागामला घरी पोचलो तर आमच्या दारात चपलाच चपला. छाया शेजारच्या सरलाबाईबरोबर ओट्यावर मजुरीच्या साड्यांचे सुटे धागे कापत बसली होती. तिने कात्री खाली ठेवली, पाणी मागितलं, आणि सरलाबाई पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं. डॉक्टर हृदयाचं म्हणाले.

बायका अंघोळ घालायच्या तयारीला लागल्या. माझी मुलगी योगिता डिंडोलीला दिली आहे, ती तोवर आली होती. तिने कपाटातून लाल साडी काढून आणली. छाया नेहमी सांगायची, "जाताना माले हाईच साडी." घरात आम्ही अहिराणीच बोलतो. मी ती साडी योगिताच्या हातातून घेतली आणि परत कपाटात ठेवली. म्हटलं, ही नको, माहेरची हिरवी नेसवा. योगिता माझ्याकडे बघत राहिली. 

मी तसं का केलं ते सांगतो.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी छायाच्या भावाचं लग्न होतं. तिच्या बहिणीचा नवरा शाळेत मास्तर, त्याने बायकोला पैठणी घेतली. खरा पटोला पाटणला हातमागावर विणतात, मी बाजारातून त्याची नक्षी छापलेली ही लाल साडी आणली, सुरतेतच बनलेली, आणि छायाला सांगितलं की कारखान्याचे शेठ पाटणला गेले होते, त्यांनी खास आणून दिली, हातमागावरची आहे. ती तेव्हा गावाकडून नवीन आली होती. लग्नात तिने सगळ्यांना सांगितलं, पाटणची आहे. मला बरं वाटलं. खोटं बोललो याचं काही वाटलं नाही.

मग ती पाटणला जाऊ म्हणायला लागली. पाटण म्हणजे गुजरातची जुनी राजधानी. तिथली राणीची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, शंभरच्या नव्या नोटेवर आली तेव्हा तर तिने ती नोट देवापाशी ठेवून दिली. दर दिवाळीला कारखाना बंद झाला की विषय निघायचा. मी म्हणायचो, जन्मभर लूम बघितले, आता तिकीट काढून लूम बघायला जाऊ का? ती हसायची.

"तुमना नही, मन्ही साडीना लूम दखना शे."

तिथे गेलो असतो तर खोटं उघडं पडलं असतं. म्हणून एकदा गावी काम काढलं, एकदा ताप आला म्हटलं. आणि ती गेली त्या दिवशी दारात जमलेली आमच्या गल्लीतली प्रत्येक बाई साडीवर काम करणारी होती. नेसवताना कुणीतरी पदर उलटून बघितला असता, आणि छापील साडी मागून फिकी असते. मी तेवढ्याला भ्यालो.

यंदा आमच्याकडे दिवाळी नव्हती. दिवाळीनंतरची लाभपाचम झाल्यावर, कारखाना उघडायच्या आधी, मी योगिताला म्हटलं, पाटणला जाऊन येऊ. ती तयार झाली. सकाळच्या गाडीने अहमदाबाद, तिथून एसटी. साडी मी पिशवीत घेतली होती.

पटोला विणणाऱ्यांच्या घरी लोक बघायला येतात. तिरका माग होता आणि त्यावर दोन माणसं बसून एकच साडी विणत होती. आवाज असा नाहीच. ती दोघं विणता विणता घरातल्या गोष्टी बोलत होती. मी सवयीने ओरडून विचारलं की एका दिवसात किती होतं. सगळे वळून बघायला लागले, योगिताने माझा दंड दाबला. म्हाताऱ्या विणकराने बोटांनी वीतभर दाखवलं. त्याने साडीची दुसरी बाजूही दाखवली. दोन्हीकडून सारखीच.

मी पिशवीतली साडी त्याच्या हातात दिली. त्याने बोटं फिरवली. उलटून बघितली नाही. म्हणाला, "सारी रीते साचवी छे." चांगली जपली आहे, एवढंच. आणि घडी घालून परत दिली.

मग वाव बघायला गेलो. खूप पायऱ्या आहेत. एक गाइड दुसऱ्या लोकांना सांगत होता की राणीने ही नवरा गेल्यावर त्याच्या आठवणीत बांधली, नंतर नदीच्या गाळात कित्येक शतकं पुरून गेली होती. शेवटच्या टप्प्यावर उतरू देत नाहीत. आम्ही तिथेच पायरीवर बसलो.

योगिता म्हणाली, "आबा, मायले माहीत व्हतं."

मी विचारलं, काय? तिने पिशवीकडे बघितलं.

मग तिने सांगितलं. धागे कापायचं काम धरलं त्या पहिल्याच वर्षी छायाला कळलं होतं की साडी छापील आहे. सरलाबाईला माहीत होतं, गल्लीला माहीत होतं. बायका तिला चिडवायच्या, राणीसाहेब, पाटणची साडी परत कधी नेसणार? ती म्हणायची, राजा पाटणला नेईल तेव्हा. वीस वर्षं तिच्या हाताखालून साड्या गेल्या, आणि मला वाटत होतं तिला कळलं नाही.

मी म्हटलं, मग इथे कशाला यायचं होतं तिला?

"तुम्ही सांगाल म्हणून. माय म्हणे, तठे तरी सांगतीन. नाही सांगितलं तर त्यांचं तोंड तरी दखसू. हसायचं होतं तिला."

"मग जाताना तीच साडी का मागितली?"

 योगिता उठली आणि पायऱ्या चढायला लागली. मी तिच्या मागे गेलो. नोटेवर वाव कुठल्या बाजूने दाखवली आहे ते तिला विचारायचं होतं, ते लक्षात राहिलं नाही.

परतताना एसटीत ती म्हणाली, तापीत सोडून देऊ का साडी? मी नको म्हटलं.

कारखाना सोमवारी सुरू झाला. साडी कपाटात आहे. छायाला ती नेसवायची राहिली.