एकशे चाळीस पावलांवरचं बाक

घरापासून वाचनालयापर्यंत चारशे वीस पावलं होती. हा आकडा पोस्टमनला आधी ठाऊक नव्हता, कारण मोजायची वेळच आली नव्हती. एकोणतीस वर्षं त्याने याच भागात टपाल वाटलं, आणि निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी वाचनालयात जाऊन पाच वर्तमानपत्रं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, "चाला. थकलात की बसा. पण चाला."

बसायचं कुठे, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. काठी घेऊन दीडशे पावलं झाली की मांडी थरथरायला लागायची. रस्त्यात भिंतीला टेकून उभं राहायला पोस्टमनला लाज वाटायची, आणि चाकाच्या खुर्चीचं नुसतं नाव काढलं तरी त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. चार महिने तो दाराबाहेर पडला नाही. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. आणखी दोन महिने असेच गेले, तर या पायातलं बळ परत येणार नव्हतं.

त्याची बायको शिवणकाम करायची. सगळी गल्ली तिला टेलरबाई म्हणायची. लाडात आला की तोही. तपासणीहून परत आल्यावर तिने मापाची टेप गळ्यातून काढली आणि सांगून टाकलं, "दोन बाकं हवीत. एक एकशे चाळीस पावलांवर, दुसरं दोनशे ऐंशीवर. औषधवाला आणि लाँड्रीवाला, दोघंही आपापल्या दारापुढे ठेवू देतो म्हणालेत."

"नगरपालिकेला अर्ज कर."

"अर्ज मंजूर होईपर्यंत तुमचा पणतू बसेल त्यावर. मी करते."

"तू? अगं, कॅलेंडरचा खिळा ठोकायला आपण शेजारच्या सुताराला बोलावतो!"

"मग त्यालाच विचारते."

सुतार जिभेने तिखट आणि मनाने मऊ. "टेलरबाई, लाकडाला टाके घालता येत नाहीत बरं," असं म्हणत त्याने तिला करवत कशी धरायची ते दाखवलं. काटकोन तपासायचा गुण्या दिला, स्क्रूच्या आधी बारीक भोक का पाडायचं ते समजावलं. चार रविवार तिने टाकाऊ फळ्या कापण्यात घालवले. पाचव्या रविवारी सुताराने चांगल्या फळ्या आणि कागदावर आराखडा दिला, आणि तो परगावच्या कामाला दोन आठवड्यांसाठी निघून गेला.

खरी गडबड त्यानंतर झाली. चाळीस वर्षांत टेलरबाईने कोरं सुती कापड भिजवल्याशिवाय कात्री लावली नव्हती. न भिजवता शिवलेला सदरा पहिल्या धुण्यात आटतो आणि गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहतं. बाकं तर उघड्यावर राहणार, पावसात भिजणार. म्हणून तिने सगळ्या फळ्या मागच्या हौदात बुडवल्या आणि वर दगड ठेवले. खिडकीतून पाहणाऱ्या पोस्टमनलाही ते पटलं. खिडकीतूनच पाइप धरून हौद त्यानेच भरला.

दुसऱ्या दिवशी फडक्याने पुसून तिने फळ्या कापल्या. सांधे असे बसले की सुई शिरू नये. शनिवारी पहिलं बाक औषधाच्या दुकानापुढे गेलं. चार दिवस त्याने ऊन खाल्लं. पाचव्या दिवशी पोस्टमन काठी टेकत एकशे चाळीस पावलं चालला आणि बसला.

बाक करकरलं आणि डावीकडे कललं. औषधवाल्याने झेप घेऊन दंड धरला म्हणून बरं, नाहीतर दुसरा खुबाही गेला असता. घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "पुन्हा सांगू नकोस मला."

सुतार परत आला. परत आणून अंगणात ठेवलेल्या बाकाचा सांधा त्याने हलवून पाहिला, दोन फळ्यांमधल्या फटीत बोट घातलं. "मी वाळवलेलं लाकूड दिलं होतं. हे ओलं कुठून आलं?"

"भिजवून घेतलं होतं," टेलरबाई म्हणाली.

"काय केलं?"

"भिजवलं. नंतर आटू नये म्हणून."

सुतार जमिनीवर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "अहो, कापड एकदा आटलं की आटलं. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की पुन्हा आक्रसतं. दर पावसाळ्यात तेच. तुम्ही फुगलेलं कापून जोडलंत. द्या इकडे, दोन दिवसांत करून देतो."

"नको." तिने त्याच्या पेटीतला स्क्रूड्रायव्हर उचलला. "उसवते."

पोस्टमन खिडकीशी होता. ती रडेल, चिडेल, निदान सुताराच्या हसण्यावर काही बोलेल, असं त्याला वाटलं होतं. ती खाली बसली आणि एकेक स्क्रू काढून वाटीत टाकायला लागली. घाई नाही, कुरकुर नाही. एका बाहीसाठी अख्खा कोट उसवताना त्याने तिला कितीदा पाहिलं होतं. पण त्यासाठी काय लागतं, हे आज त्याच्या ध्यानात आलं. आपण एकदा कललो आणि घरात बसलो. हिने आठवड्याची मेहनत सुटी केली आणि विचारलं काय, तर फळ्यांच्या मधे कामट्या घालून सावलीत रचल्या तर किती दिवसांत वाळतील!

रोज सकाळी ती प्रत्येक फळीची रुंदी मोजून टोकावर पेन्सिलीने तारखेसह लिहायची. तिसऱ्या दिवसापासून आदल्या दिवशीचे आकडे वाचून सांगायला पोस्टमन बाहेर येऊन बसायला लागला. सलग तीन दिवस आकडा हलला नाही, तेव्हाच तिने करवतीला हात लावला. या वेळी फळ्यांमधे बोटाच्या पेराएवढी फट सोडली. फट सोडताना तिचा चेहरा असा झाला, जणू गिऱ्हाइकाला शिवण उसवलेला सदरा देतेय.

दोन्ही बाकं जागेवर गेली. सुताराने त्यांवर उड्या मारून पाहिल्या आणि त्याला हसण्यासारखं काही सापडलं नाही. ती मात्र नवऱ्याला चला म्हणाली नाही. गिऱ्हाइकाचा कोट द्यायचा होता, ती निघून गेली.

अर्ध्या तासाने पोस्टमनने काठी घेतली.

पहिल्या बाकावर तो आधी हाताने जोर देऊन, मग अर्धा, मग पूर्ण बसला. डावीकडे रेलला. उजवीकडे रेलला. बाक जागचं हललं नाही. मांडी शांत झाल्यावर तो उठला.

दुसऱ्या बाकावर पार्सलवाला ऐसपैस झोपला होता. भरघोस मिशा, पोटावर हेल्मेट. पोस्टमनची मांडी आता चांगलीच थरथरत होती.

"ओ साहेब, जरा सरका. मला उभं राहायची सोय नाही."

पार्सलवाला धडपडत उठला. "बसा, बसा काका. सकाळपासून बत्तीस जिने झाले. बाक दिसलं, पाठ टेकली. छान आहे हो, कुणी ठेवलंय?"

"माझ्या बायकोने केलंय. कधी रंधा धरला नव्हता तिने."

"काय सांगता! पहिल्याच झटक्यात?"

"छे. पहिल्यांदा पार फसलं होतं," पोस्टमन म्हणाला, आणि त्याची छाती उगाच फुगली. "सगळं उसवलं तिने. एकेक स्क्रू."

यात मिरवण्यासारखं काय, ते पार्सलवाल्याला कळलं नाही. त्याने हेल्मेट चढवलं. "कुठे जायचंय? सोडतो गाडीवर."

"वाचनालयात. नको, तुम्ही व्हा पुढे," पोस्टमन म्हणाला, आणि काठी टेकून उभा राहिला.